पाळकसाहेबांनी टोक धरलं

“मग आलं का पोरगं, बाबा?”

लाजरबाबानं मान वर केली नाही. मांडीवर वाखाची बट घेऊन तो ती बोटांनी विंचरत होता. लेकीचे केस विंचरावेत, तशी.

“एकतीस वर्षं मागताय तुम्ही. आलं का?”

“दोर किती हात पायजे?” बाबानं विचारलं.

पाळकसाहेब आले होते ते दोर न्यायला, हे खरं. पण दोराआधी तोंडातून हा प्रश्न निघाला, हेही खरं.

चैत्र सरला होता. खडकाळीच्या माळावर सावली म्हणून एवढीच होती, लाजरबाबाच्या छपरीची. माळाभोवती केकताडाचं, म्हणजे घायपाताचं कुंपण, त्याची पानं तलवारीसारखी ताठ. ती कापायची, पाण्यात कुजवायची, ठेचायची, की आतून पांढराधोट वाख निघतो. त्या वाखाचा दोर वळत लाजरबाबाचा जन्म गेला. बापाचाही गेला होता. आता घरोघर नायलॉन आलं, तरी विहिरीला आणि बैलाला वाखाचाच दोर लागतो म्हणणारी चार घरं अजून होती. तेवढ्यावर म्हातारा-म्हातारी तग धरून होते.

लाजरबाबा टाकळीच्या ख्रिस्ती मंडळीतला सगळ्यांत जुना माणूस. अक्षर एक येत नव्हतं. दर रविवारी प्रवचन झालं, की ज्याला देवाकडं काही मागायचं असेल त्यानं जागेवर उभं राहून मागायचं, अशी तिथली चाल. कुणी पाऊस मागे, कुणी नोकरी, कुणी सुनेचं बाळंतपण. सगळ्यांचं झालं की शेवटी लाजरबाबा उठायचा. मुंडासं काढून काखेत धरायचा.

“प्रभू, पोरगं,” म्हणायचा. आणि बसायचा.

दोन शब्द. कमी नाही, जास्ती नाही. त्याचा आमोस अठराव्या वर्षी भांडून घरातून गेला, तेव्हापासून. चार पाळक आले नि बदलून गेले. लहान पोरं खेळताखेळता त्याची नक्कल करायची आणि आयांचा मार खायची.

अनुग्रह शिरसाट हे पाचवे पाळक. शिकलेले, उंचेपुरे, आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या बहिऱ्यानंही आमेन म्हणावं. त्यांना आल्या दिवसापासून एकच कुतूहल लागून राहिलं होतं. हा म्हातारा दमत कसा नाही?

“बाबा, मी काय विचारलं?”

“ऐकलं म्या. मी काय इचारलं?”

“दोर ना... असेल दहा हात. खाटेवर टांगायचाय. सुवार्ता म्हणाली, आढ्याला बांधून खाली सोडला तर धरून उठता येईल. नायलॉनचा नको म्हणाली, हातातून निसटतो.”

“बरूबर बोलली.”

“माझा विरोध होता.”

“कशाला?”

पाळकसाहेब कुंपणाकडं बघू लागले.

“आढं किती उंच?” बाबानं विचारलं.

“असेल... सात हात.”

“भुईपासनं का खाटंपासनं?”

“ते मोजलं नाही.”

“तिची मूठ केवढी? जाडी त्येच्यावर ठरती.”

पाळकसाहेबांनी आपलीच मूठ वळून पाहिली. मग सोडली.

“बायकांची असते तेवढी,” ते म्हणाले.

चुलीपाशी बसलेली रिबकाआजी खुदकन हसली. ती लाजरबाबाची बायको. उजव्या हाताला तिनं चिंधी गुंडाळली होती. काल भाकरी टाकताना हात तव्यावर टेकला होता.

“तीन वरसं झाली सुवार्ता खाटंवर,” ती म्हणाली, “आन् नवऱ्याला मूठ ठावं न्हाई. तुमी कोट शिवायला टाकता, पाळकसाहेब, तवा शिंप्याला काय सांगता? बाप्यांचा असतो तेवढा?”

“रिबका,” बाबा म्हणाला.

“म्या काय वंगाळ बोलले?”

पाळकसाहेब कानापर्यंत लाल झाले. मंडळीत त्यांच्याशी असं कुणी बोलत नसे.

खरं म्हणजे त्यांची जखम वेगळीच होती.

तीन वर्षांपूर्वी सुवार्ताला ताप आला. ताप उतरला आणि जाताना कमरेखालचं सगळं घेऊन गेला. शाळेत मुलांना शिकवणारी, पायाला भिंगरी असलेली बाई. शहरातले डॉक्टर म्हणाले, वाट बघा. पाळकसाहेब म्हणाले, आपण वाट बघणार नाही, आपण मागणार. मग त्यांनी मागितलं. रोज दिवेलागणीला तिच्या खाटेशी गुडघे टेकून मागितलं. बुधवारचे उपास धरले. मंडळीला घेऊन साखळी-प्रार्थना बसवली. एकानं उठायचं, दुसऱ्यानं बसायचं, चाळीस दिवस खंड नाही.

आणि ईस्टरच्या आधल्या, झावळ्यांच्या रविवारी भर वेदीवरून ते बोलून गेले, “पुनरुत्थानाच्या दिवशी माझी बायको स्वतःच्या पायांनी या दारातून आत येईल. माझा विश्वास खडक आहे. खडक हलत नसतो.”

पुनरुत्थानाचा रविवार आला. पुढच्या बाकावर पांढरी चादर अंथरून जागा ठेवलेली. पाळकसाहेब वेदीवर उभे, आणि सगळी मंडळी पाठमोरी. एकूण एक माणूस दाराकडं बघत होतं.

दारातून एक शेळी आत आली. बाकी कुणी नाही.

त्या संध्याकाळी पाळकसाहेब खाटेशी गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्याही नाही. चर्चमध्ये प्रार्थना करायचे, कारण ती नोकरीच होती. घरी मात्र कुलूप. आणि काल सुवार्तानं हा दोर मागितला. पाळकसाहेबांना वाटलं, झालं. हिनंही पायांची आशा सोडली. दोर टांगला, की संपलं सगळं. मग आपण मंडळीपुढं कुठल्या तोंडानं उभं राहायचं? येत्या रविवारी मंडळीचा निरोप घ्यायचा आणि कुठंतरी शाळेत मास्तरकी धरायची, असं त्यांनी मनाशी पक्कं करत आणलं होतं. बोलले नव्हते कुणाला.

“वळायला किती वेळ लागेल?” त्यांनी विचारलं.

“दुसरं माणूस असंल, तर वाईच. न्हाई तर न्हाईच.”

“म्हणजे?”

“दोर एकट्याला वळता येत न्हाई. मी हिथं फिरकी फिरवायची, तिकडं कुणी टोक धरायचं. पन्नास वरसं ही धरती. आज हिचा हात असा.”

बाबानं पाळकसाहेबांकडं पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं.

“धरता?”

पाळकसाहेबांनी बाह्या सारल्या. अंगात रग होती, आणि बोलणं ऐकून घेतल्याचा रागही होता. “त्यात काय. धरतो की.”

छपरीत अंधारात फिरकी होती, दांड्यानं फिरवायची, खांबाला ठोकलेली. तिच्या तीन आकड्यांना बाबानं वाखाचे तीन पेड अडकवले. रिबकाआजी डाव्या हातानं ते पेड उलगडत माळावर निघाली, मागोमाग पाळकसाहेब. मध्ये मध्ये दोन फाट्यांच्या काठ्यांची बेळकी रोवलेली होती, त्यांच्या दुबेळक्यात पेड टेकत गेले. चालता चालता ऐंशी हात झाले.

“दहा हातांच्या दोराला एवढं लांब?” पाळकसाहेब ओरडले.

“आखूड दोराला पीळ बसत न्हाई,” छपरीतून आवाज आला.

रिबकाआजीनं त्यांच्या हातात लाकडी आकडी दिली. तिन्ही पेड तिला येऊन मिळाले होते.

“धरा नीट,” ती म्हणाली. “ढिला सोडायचा न्हाई. ढिला सोडला की पेडाचा गुंता व्हतो. पर वढायचा बी न्हाई.”

“मग करायचं काय?”

“सांगितलं न्हवं? धरायचा.”

एवढं बोलून ती एका बेळक्यापाशी जाऊन बसली.

पाळकसाहेबांनी पाय रोवले. समोर बघितलं, तर बाबा दिसेना. भर उन्हातून छपरीचं तोंड नुसतं काळं दिसत होतं, विहिरीत डोकावल्यासारखं. त्या काळ्यातून तीन पेड बाहेर आलेले. बस्स.

मग पेडांत जीव आला.

आधी बारीक थरथर झाली, मुंगी चालल्यासारखी. मग आकडी हातात वळवळली. पेड गोल गोल फिरू लागले, वाखाची कुसळं आत वळू लागली. आणि हळूच, अगदी हळूच, हाताला ओढ लागली.

“बाबा!” पाळकसाहेबांनी हाक मारली. “तुम्ही दर रविवारी देवाकडं तेच मागता. कधी वाटत नाही, की तिकडं कुणी नाहीच?”

...

“बाबा! ऐकू येतंय का?”

...

“फिरकी फिरवताना त्यो बोलत न्हाई,” रिबकाआजी बसल्या जागेवरून म्हणाली. “फेरे मोजायचं चुकतं त्येचं.”

ओढ वाढली. दंडात भरली. आकडीची कड तळव्यात रुतू लागली. पाळकसाहेबांनी टाचा जमिनीत आणखी दाबल्या. खडक आहे मी, त्यांनी मनात म्हटलं. मी हलणार नाही.

“पाळकसाहेब, लई ताणताय,” रिबकाआजी म्हणाली.

“तुम्हीच म्हणालात ढिलं सोडू नका!”

“ताणा म्हनले न्हाई.”

घाम डोळ्यांत गेला. तळवा कापतोय की काय वाटलं. अजून किती? छपरीतून आवाज नाही, खोकला नाही. आणि मग पाळकसाहेबांना एक युक्ती सुचली. शिकलेल्या माणसाला संकटात युक्ती सुचतेच. मागं दोन हातांवर बाभळीचा जुना बुंधा होता, मांडीएवढा जाड. हातात धरायला म्हणून आकडीला मागून दोरीचा फेर होता. तेवढी दोरी त्यांनी सोडवली, बुंध्याला वेढा दिला, दोन गाठी मारल्या.

हात मोकळे झाले. पाळकसाहेब बुंध्याला टेकून बसले. खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं.

“आता हलत नाही,” ते रिबकाआजीला म्हणाले. “माझ्यापेक्षा बाभळ पक्की.”

रिबकाआजीनं त्यांच्याकडं बघितलं. बाभळीकडं बघितलं. आणि जागची उठून चार पावलं बाजूला सरकली.

“तुम्ही का उठलात?”

“उगं,” ती म्हणाली.

पेड तटतटले. त्यांचा सूर चढला, तंबोऱ्याची तार पिळावी तसा. आणि फाटकन आवाज झाला. एक पेड तुटून सापासारखा उसळला, पाळकसाहेबांच्या टोपीवरून सपकन गेला, टोपी जाऊन केकताडात पडली.

फिरकी थांबली.

लाजरबाबा छपरीतून बाहेर आला. उन्हात डोळे बारीक करत, तुटका पेड हातात गोळा करत, ऐंशी हात चालत आला. बुंध्यापाशी थांबला. गाठी बघितल्या.

“गाठी चांगल्या मारल्यात,” तो म्हणाला.

“बाबा, मला वाटलं...”

“बाभूळ ठावं होती मला. माझ्या बापानं राखली. खुंटानं काम भागत असतं, तर माणूस कशाला लागला असता?”

“पण मी टोक सोडलं नव्हतं! उलट जास्त घट्ट केलं!”

“व्हय. घट्ट केलं.”

बाबा खाली बसला. तुटक्या पेडात नवा वाख मिसळून सांधू लागला. बोटं आपोआप चालत होती. पाळकसाहेब उभ्या उभ्या बघत होते. राग ओसरला होता, आणि त्या जागी काहीतरी निराळं आलं होतं. लहानपणी घड्याळ उघडून आत बघताना वाटायचं, तसलं.

“का तुटला?” त्यांनी विचारलं.

“तुमीच सांगा.”

पाळकसाहेबांनी पेड हातात घेतला. पिळाचा भाग चिमटीत धरून बघितला. न पिळलेला वाख शेजारी ठेवला. पुन्हा बघितलं.

“पीळ बसला की हा आखडतो,” ते सावकाश म्हणाले. “लांबी कमी होते.”

“हं.”

“बाभळीला पुढं सरकता येत नाही.”

बाबानं त्यांच्या हातून पेड परत घेतला. पण रिबकाआजी बोलली.

“पन्नास वरसं ह्येच करती मी. आन् ह्यो म्हनतो, तू काय करती, नुसती उभीच तर असती!”

“एकदा म्हनलो व्हतो,” बाबा म्हणाला. “लगीन झालं त्या वर्षी.”

“ध्यानात हाय माझ्या.”

केकताडातून टोपी काढताना पाळकसाहेबांच्या बोटाला काटा लागला. टोपी त्यांनी डोक्यावर घातली नाही. बेळक्यावर अडकवली आणि परत येऊन टोक धरलं.

या खेपेला त्यांनी पाय रोवले नाहीत.

पुन्हा ती थरथर. पुन्हा ओढ. ओढ लागली तेव्हा ते अर्धं पाऊल पुढं झाले. हात हलका झाला, पण ढिला नाही. पुन्हा ओढ. पुन्हा अर्धं पाऊल. कधी पाऊल टाकायचं हे कुणी सांगत नव्हतं, हाताला आपसूक कळत होतं. लवकर टाकलं तर पेड लोंबे. उशीर केला तर तळवा ओरडे.

आणि एक नवलाची गोष्ट झाली. समोर अजून तेच काळं तोंड होतं, दिसत काही नव्हतं. पण पेडातून पाळकसाहेबांना म्हाताऱ्याचा हात कळू लागला. आता तो जोरानं फिरवतोय. आता दमला, थांबला. आता धोतराला हात पुसला असणार. आता पुन्हा लागला. एकदा पेड दोनदा हिसकले, आणि पाळकसाहेबांना खात्रीनं वाटलं की म्हातारा शिंकला.

ते एकटेच हसले.

मग हसू जागीच थांबलं. त्यांना आठवलं, की पुनरुत्थानाच्या रविवारपासून त्यांना दुखायचंच थांबलं होतं. आधी सुवार्ताच्या खाटेशी बसलं की छातीत कळ यायची. आता काहीच येत नव्हतं. त्यांनी त्याला शांती म्हटलं होतं.

पेडांना पुरता पीळ बसला. रिबकाआजी आली. तीन खाचांचं लाकूड तिनं तीन पेडांमध्ये घातलं, आणि डाव्या हातानं ते धरून छपरीकडं चालू लागली. तिच्या मागं तिन्ही पेड एकमेकांना मिठी मारत गेले, आणि दोर होत गेला. पाळकसाहेब टोक धरून सरकत राहिले.

थांबले तेव्हा ऊन कललं होतं. समोर छपरीचं दार आता वीस ढांगांवर. आत बाबाचा घामेजला चेहरा, फिरकीच्या दांड्यावर टेकलेला.

त्यांनी मागं वळून बघितलं. बाभळीचा बुंधा लांब राहिला होता. बेळक्यावरची टोपी मुठीएवढी दिसत होती.

“एवढा आलो मी?” ते म्हणाले. “कळलंच नाही.”

बाबा पाणी पीत होता.

“बाबा, शिंकलात का मघाशी?”

“दोनदा. वाख नाकात जातो.”

पाळकसाहेबांचे डोळे चमकले. बोट वर झालं, वेदीवर व्हायचं तसं. “म्हणजे बघा, बाबा, हा दृष्टांतच झाला. देव म्हणजे तो, जो अंधारात फिरकी...”

“पाळकसाहेब.”

“काय?”

“मी दोर वळतोय. प्रवचन रविवारी.”

रिबकाआजीनं तोंडाला पदर लावला. पाळकसाहेबांचं बोट खाली आलं.

बाबानं दोर सोडवला, दोन्ही पायांच्या अंगठ्यांत धरून चिंधीनं घासू लागला, कुसळं जावीत म्हणून. पाळकसाहेब त्याच्यापाशी भुईवर बसले.

“म्हणजे आमोस आला नाही, बाबा,” शेवटी पाळकसाहेब म्हणाले. आता आवाजात ती धार नव्हती. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

“न्हाई आला.”

“पत्र? निरोप?”

“काय बी न्हाई.”

“मग दर रविवारी उठून उभं राहायला... काय उरलंय?”

बाबानं घासणं थांबवलं. आपले तळवे उलटे करून बघितले, जणू तिथं काही लिहिलं होतं आणि त्याला वाचता येत नव्हतं.

“अजून वढ लागती,” तो म्हणाला.

एवढंच. आणि पुन्हा घासू लागला.

पाळकसाहेब पुढं सरकून बसले. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. झावळ्यांचा रविवार. पांढरी चादर. शेळी. मंडळीच्या पाठी. मंडळी सोडायचा बेत. आणि दिवेलागणीला आपण खाटेपाशी जायचं टाकलं, तेही.

“आणि आता ती दोर मागते,” ते म्हणाले. “मी तिच्यासाठी पाय मागितले, बाबा. देवाकडं तीन वर्षं पाय मागितले. आणि ती दोरावर राजी झाली!”

“पाय तुमी मागितलं.”

“हो.”

“ती काय मागती?”

“पायच,” ते म्हणाले. “दुसरं काय मागणार?”

“तिनं सांगितलं?”

वाऱ्यानं केकताडाची पानं एकमेकांवर घासली. पाळकसाहेब भुईकडं बघत राहिले. तीन वर्षांतली एकेक संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांपुढून जाऊ लागली. गुडघे टेकलेले आपण. आपला आवाज. आपलं मागणं, लांबलचक, वचनांनी भरलेलं. आणि शेवटी उशीवरून आलेला सुवार्ताचा एक शब्द, आमेन. तेवढाच तिचा वाटा. मग ते उठायचे, दिवा लावायचे.

“मी कधी विचारलंच नाही,” ते म्हणाले.

रिबकाआजी कधी नव्हे ती गप्प होती. पाळकसाहेबांनी तिच्याकडं बघितलं. दर गुरुवारी ती बायकांच्या सभेनंतर सुवार्तापाशी तासभर बसायची, हे त्यांना माहीत होतं. काय बोलतात हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. बायकांचं बोलणं, म्हणून सोडून दिलं होतं.

“आजी, तुम्हांला माहीत आहे?”

“हाय की.”

“काय मागते ती?”

“सांगनार न्हाई.”

“आजी...”

“मला देवानं कान दिल्यात, ते काय मला एकटीलाच न्हाई दिलं,” रिबकाआजी म्हणाली, आणि चुलीकडं वळली. वळता वळता थांबली. “आन् मूठ बी बगून घ्या तिची. लहान हाय. माझ्या हातात मावती.”

बाबानं दोराचं वेटोळं केलं. दहाऐवजी चौदा हात कापून दिला. एका टोकाला पक्की गाठ मारली, दुसरं टोक तसंच ठेवलं, सुटं.

“हे का सोडलं?”

“खाली कुठवर पायजे, त्ये ती सांगंल. तिच्या हातापाशी गाठ मारा. न्हाई बसली तर सोडून पुन्हा मारा.”

पाळकसाहेबांनी वेटोळं खांद्यावर घेतलं. नव्या वाखाचा वास आला, हिरवट, उग्र. बेळक्यावरची टोपी आणायला ते माळावर गेले आणि परत आले. तरी निघेनात. मोटारसायकलीला हात लावून उभे राहिले.

ऊन उतरलं होतं. टाकळीला पोचेपर्यंत दिवेलागण होणार होती.

“बाबा,” ते म्हणाले. “आज जाऊन बसतो मी तिच्यापाशी.”

“बसा.”

“पण...” त्यांनी टोपी हातात फिरवली. असा प्रश्न त्यांनी आजवर कुणाला विचारला नव्हता. लोक त्यांना विचारत. “मला शब्दच सुचणार नाहीत. पाय मागायला तोंड नाही, आणि दुसरं काय मागावं ते ठाऊक नाही. गुडघे टेकल्यावर म्हणू काय?”

लाजरबाबा उरलेला वाख गोळा करत होता. त्यानं तो खांबाला टांगला, हात झटकले.

“आज तिला मागू द्या,” तो म्हणाला. “तुमी आमेन म्हना.”